पौड रस्त्यावरची मेट्रो : खांबांवरून की भुयारातून?

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला "पंचवीस वर्षांचा इतिहास लिहा" असं सांगितलं. लिफ्ट, पाण्याची टाकी, गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि गणेशोत्सव हे विषय इतरांनी आधीच वाटून घेतले होते. मग मी कपाटातून सोसायटीची जुनी इतिवृत्तं काढली. २००८ ते २०१६ अशी आठ वर्षं मी सेक्रेटरी होतो. त्या काळातली पानं माझ्याच अक्षरात आहेत. चाळताना लक्षात आलं की पाणी आणि पार्किंग सोडलं तर आपण सर्वांत जास्त भांडलो ते मेट्रोवर. तीही अजून न आलेल्या मेट्रोवर!

आज आपली मुलं आनंदनगर स्टेशनवर धावत जाऊन गाडी पकडतात. "तुम्ही हिला विरोध करत होतात?" असं माझी नात मला विचारते. मेट्रोला आमचा विरोध नव्हता, खांबांना होता. हा फरक आता कुणाला समजावून सांगणं कठीण आहे. तरी हा लेख त्यासाठीच. शिवाय माझ्या हातून इतिवृत्तात एक चूक राहिली आहे, तीही या निमित्ताने दुरुस्त करायची आहे.

थोडं मागे जाऊ. आपण २००० साली राहायला आलो तेव्हा पौड रस्त्यावर रात्री नऊनंतर शुकशुकाट असायचा. रिक्षावाल्याला "वनाजच्या पुढे" म्हटलं की तो हाफ रिटर्न मागायचा. वनाज हे एका कारखान्याचं नाव. त्यावरून बसथांब्याचं नाव पडलं आणि आता स्टेशनचं. वारा फिरला की कचरा डेपोचा वास स्वयंपाकघरापर्यंत यायचा. त्याच कचरा डेपोच्या जागेवर आज मेट्रोचे डबे धुतले जातात, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर आपण हसलो असतो.

पुण्याची सार्वजनिक वाहतूक हा तसा जुना दुखरा विषय. गंमत अशी की पुण्यात पूर्वी 'सिल्व्हर ज्युबिली मोटर्स' नावाच्या कंपनीच्या बस धावत. पुढे महापालिका झाली आणि त्यांची जागा पीएमटीने घेतली. २००७ मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या बस एकत्र येऊन पीएमपीएमएल झाली. त्याच्या थोडं आधी, डिसेंबर २००६ मध्ये, कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर देशातला बीआरटीचा पहिला प्रयोग सुरू झाला. तो अर्धवट राहिला, आणि पुणेकर पुन्हा आपापल्या दुचाकीवर बसले. मेट्रोची चर्चा आली ती या पार्श्वभूमीवर. लोकांचा विश्वास आधीच पातळ झाला होता.

दिल्ली मेट्रोने पुण्यासाठी सविस्तर प्रकल्प अहवाल तयार केला तो २००९ च्या सुमारास. त्यात दोन मार्ग होते. पहिला पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट. त्यातला सुमारे पाच किलोमीटरचा भाग शिवाजीनगरपासून पेठांखालून भुयारी. दुसरा वनाज ते रामवाडी, म्हणजे आपला. हा सगळाच्या सगळा उन्नत, खांबांवरून. पौड रस्ता, कर्वे रस्ता आणि पुढे जंगली महाराज रस्ता. ही बातमी पेपरात आली आणि शहरात दोन तट पडले. नागरी संघटना, वास्तुविशारद, नगरसेवक सगळे बोलू लागले. जंगली महाराज रस्त्यावरची झाडं, कर्वे रस्त्याची रुंदी, शहराचं रूप हे सगळे प्रश्न निघाले. "दिल्लीत, कोलकात्यात भुयार चालतं, मग पुण्यात का नाही?" हा सर्वांचा आवडता सवाल होता.

आपल्याकडे हा विषय पहिल्यांदा आला २०१० च्या जुलैत. बाहेर पाऊस, आणि पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून विशेष सर्वसाधारण सभा. विषय : "प्रस्तावित मेट्रो मार्ग भुयारी करावा, यासाठी सोसायटीतर्फे निवेदन देणे."

निवेदनाचा आग्रह धरणाऱ्यांत सर्वांत पुढे होत्या क विंगमधल्या, दुसऱ्या मजल्यावरच्या काकू. त्यांची गॅलरी रस्त्याकडे. तिथे त्यांची तुळस, झोपाळा, आणि संध्याकाळी रस्त्यावरची रहदारी बघत निवडलेली भाजी. त्या म्हणाल्या, "माझ्या झोपाळ्यासमोरून दर दहा मिनिटांनी तीन डबे भरून माणसं जाणार. मी काय दिवसभर पडदे लावून बसू?" यावर हशा पिकला, पण त्या हसल्या नाहीत. मीही रस्त्याकडच्याच बाजूला राहतो, त्यामुळे माझं मत काय होतं हे सांगायला नको.

विरोधात बोलले एकटे अ विंगमधले काका. रेल्वेत पुलांच्या कामावर सगळी नोकरी झालेले, निवृत्त अभियंता. त्यांनी मुलांच्या क्लासचा फळा मागवला, खडू घेतला आणि जवळजवळ अर्धा तास बोलले. इतिवृत्तात मी त्याबद्दल काय लिहिलं आहे? "श्री. … यांनी वेगळे मत मांडले. चर्चेअंती ठराव बहुमताने मंजूर." बस्स. एवढंच.

काकांनी फळ्यावर काय काढलं होतं ते मला आजही आठवतं. ते त्या दिवशी लिहायचं राहिलं, ते आज लिहितो.

पहिलं, पैसा. भुयारी मार्गाला उन्नत मार्गाच्या दुपटीहून जास्त, जागेप्रमाणे कधी त्याहीपेक्षा अधिक खर्च येतो. "म्हणजे तेवढ्याच पैशात आपलं भुयार होईल, आणि पलीकडच्या उपनगराला काहीच मिळणार नाही," असं ते म्हणाले.

दुसरं, वेळ. कोलकात्यात देशातली पहिली मेट्रो भुयारी झाली. पायाभरणी १९७२ मध्ये आणि पहिली गाडी १९८४ मध्ये. दिल्लीत काम १९९८ मध्ये सुरू झालं आणि २००२ च्या डिसेंबरात शाहदरा ते तीस हजारी गाडी धावली. हा पहिला टप्पा जमिनीखालून नव्हता.

तिसरं, भुयार म्हणजे त्रास नाही हा गैरसमज. बोगदा यंत्राने आतल्या आत होतो, पण स्टेशन आतल्या आत होत नाही. त्यासाठी बहुतेक ठिकाणी वरून मोठा खड्डा घ्यावा लागतो, आणि तो काही वर्षं उघडा राहतो. "खांबाला रस्त्याच्या मधोमध दोन-अडीच मीटरची पट्टी पुरते. स्टेशनच्या खड्ड्याला तुमचा अख्खा रस्ता लागेल."

चौथं, कायमचा खर्च. भुयारात हवा खेळवायची, पाणी उपसायचं, आग लागली तर माणसं बाहेर काढायची व्यवस्था ठेवायची. दिवे दिवसाही जळणार. हे बिल बांधकामाबरोबर संपत नाही.

पाचवं, गाडी हलकी आहे. मेट्रोच्या आसावरचा भार मालगाडीच्या मानाने बराच कमी असतो, म्हणून पूलही सडपातळ होऊ शकतो. "रेल्वेचा पूल डोळ्यांसमोर आणू नका," असं ते सांगत होते. पुढे पुण्यासाठी देशातच बनलेले ॲल्युमिनियमचे डबे आले, तेव्हा मला हे वाक्य आठवलं.

पण काका एकांगी नव्हते. पेठांमध्ये भुयाराशिवाय पर्याय नाही, हे त्यांनी स्वतः सांगितलं. लक्ष्मी रस्त्याच्या आसपास खांब उभा करायला जागा तरी कुठे आहे? आणि शेवटी ते म्हणाले, "निवेदन द्यायचंच असेल तर वेगळं द्या. स्टेशनचे जिने फुटपाथ गिळणार नाहीत, खाली चालायला जागा राहील, घरांसमोर आवाज अडवणारे पडदे लागतील, दोन्ही बाजूंना लिफ्ट असेल आणि रस्ता ओलांडायला स्टेशनमधूनच वाट मिळेल, हे आत्ता मागा. नंतर कुणी देणार नाही."

यावर मी उठलो. सेक्रेटरी म्हणून सभा आटोपायची घाई होती, आणि खरं सांगायचं तर मुद्द्यांना माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हणालो, "काका, तुमचा फ्लॅट मागच्या बाजूला आहे. तुम्हाला बोलायला काय जातंय!"

टाळ्या पडल्या. काकांनी खडू फळ्याच्या कडेला ठेवला, हात झटकले आणि खाली बसले. पुढच्याच महिन्यात त्यांनी कमिटीचा राजीनामा दिला. कारण 'प्रकृती' असं लिहिलं होतं. रोज संध्याकाळी गेटपाशी आमच्या गप्पा व्हायच्या, त्या बंद झाल्या. त्यांच्याशिवाय जवळपास सगळ्यांच्या सह्या असलेलं निवेदन मी स्वतः नेऊन दिलं. त्याची पोच आजही फायलीत आहे. उत्तर आलं नाही.

शहरात मात्र वाद पुढे अनेक वर्षं चालला. महापालिकेने मान्यता दिली, मग राज्य सरकार, मग केंद्र, आणि दर टप्प्यावर 'उन्नत की भुयारी' पुन्हा वर यायचं. दरम्यान २०१४ च्या ऑगस्टमध्ये नागपूरच्या मेट्रोची पायाभरणी झाली. मागून येऊन नागपूर पुढे गेलं आणि आपण पत्रं लिहीत बसलो, अशी चिडचिड पेपरांत छापून येऊ लागली. २०१५ मध्ये पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तोडगा निघाला तो असा : वनाज-रामवाडी मार्ग उन्नतच राहील, पण जंगली महाराज रस्त्यावरून न जाता डेक्कनच्या मागून मुठा नदीच्या काठाने जाईल.

म्हणजे झाडं वाचवायला नदी पुढे आली. त्यावर वेगळा वाद सुरू झाला. नदीपात्रातल्या सुमारे पावणेदोन किलोमीटरच्या मार्गाविरुद्ध काही नागरिक राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे गेले. १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर पाहिलेली माणसं अजून शहरात आहेत. त्यांना नदीत खांब म्हटल्यावर धडकी भरणं स्वाभाविक होतं. अखेर तो मार्ग झाला. पण प्रश्न विचारणारे मूर्ख होते असं मी म्हणणार नाही. एकदा बोट भाजलं की माणूस ताकही फुंकून पितो.

७ डिसेंबर २०१६ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने दोन्ही मार्गांना मंजुरी दिली. सुमारे ३१ किलोमीटर, ११,४२० कोटी रुपये. २४ डिसेंबरला पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झालं. त्या वर्षी मी सेक्रेटरीपद सोडलं होतं.

मग पत्रे लागले. निळे-पांढरे पत्रे, मधोमध खोदकाम, दोन्ही बाजूंना एकेक गाडी जाईल एवढी वाट. आपल्या तळमजल्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानाचं गिऱ्हाईक निम्म्यावर आलं. सोसायटीने त्याचं काही महिन्यांचं भाडं कमी केलं, हेही इतिवृत्तात आहे. काकूंच्या तुळशीवर रोज धुळीचा थर बसायचा, आणि त्या रोज पानं पुसायच्या.

२०१९ मधली एक रात्र. झोप येईना म्हणून मी खाली उतरलो. रस्त्यावर लांबलचक पोलादी गर्डर दोन खांबांवर टेकलेला, आणि खाली ट्रेलरवर काँक्रीटचा एकेक तयार भाग येत होता. तो वर उचलायचा, शेजारच्याला चिकटवायचा, मग आतून केबल ओवून ताणायच्या. माळेत मणी ओवावेत तसं. फुटपाथवर काका उभे होते. स्वेटर, कानटोपी, हातात काठी. नऊ वर्षांत आम्ही "नमस्कार", "बरं आहे ना" यापलीकडे बोललो नव्हतो.

मी शेजारी जाऊन उभा राहिलो. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "हे सगळे भाग दुसरीकडे ओतून आणतात. म्हणून रस्ता लवकर मोकळा होतो. आमच्या वेळी हे असतं तर!" मग मला खांबाच्या डोक्यावरचं बेअरिंग दाखवलं. उन्हाने पूल थोडा लांबतो, थंडीत आखडतो, त्याला सरकायला जागा ठेवावी लागते, हे समजावून सांगितलं. मी ऐकत राहिलो. त्या सभेतल्या वाक्याबद्दल माफी मागायची हीच वेळ होती. मी म्हणालो, "काका, थंडी आहे, वरून चहा आणू का?" ते म्हणाले, "आण." आम्ही कपभर चहा प्यायलो. एवढंच झालं.

पुढे कोविड आला. २०२१ च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत, काका गेले. आपल्यापैकी कुणालाही स्मशानात जाता आलं नाही. ३० जुलैला वनाज ते आयडियल कॉलनी चाचणीची गाडी धावली. आपण सगळे गॅलरीत होतो. अ विंगमधल्या काकू मात्र मागच्या बाजूच्या घरातून येऊन, गेटजवळ उभ्या राहून ती गाडी बघत होत्या.

त्याच वर्षी लकडी पुलाचा प्रश्न उभा राहिला. पानिपतानंतर नानासाहेब पेशव्यांनी बांधवलेल्या लाकडी पुलाचं नाव अजून आपल्या तोंडात आहे. आता तो संभाजी पूल. त्याच्यावरून मेट्रोचा मार्ग आडवा गेला, तर विसर्जन मिरवणुकीतले उंच देखावे खालून कसे जाणार, असं गणेश मंडळांचं म्हणणं होतं. काम काही काळ थांबलं, चर्चा झाल्या, मग पूर्ण झालं. उंची हा प्रश्न फक्त अभियंत्यांचा नसतो, हे पुण्याइतकं कुणाला ठाऊक असणार!

६ मार्च २०२२ रोजी वनाज ते गरवारे कॉलेज गाडी सुरू झाली. १ ऑगस्ट २०२३ ला ती रुबी हॉलपर्यंत गेली आणि ६ मार्च २०२४ ला रामवाडीपर्यंत. भुयारातून स्वारगेटपर्यंत जायला मात्र २९ सप्टेंबर २०२४ उजाडला. काकांचा दुसरा मुद्दा असा खरा ठरला. जिल्हा न्यायालय स्टेशनला मी मुद्दाम भुयारात उतरून पाहिलं. सुमारे ३३ मीटर खोल. सरकते जिने आहेत, लिफ्ट आहे, तरी आपण दहा मजले जमिनीत चाललो आहोत ही जाणीव गुडघ्यांना होतेच. पण मंडईला थेट गर्दीच्या पोटातून वर आलो, आणि वरचा एकही वाडा झाकला गेलेला नाही हे पाहिलं, तेव्हा पेठांमध्ये भुयारच योग्य होतं हेही पटलं. तोही काकांचाच मुद्दा.

मग आम्ही चुकलो का? सगळंच नाही. क विंगमधल्या काकूंनी झोपाळा आता आतल्या खोलीत घेतला आहे. गॅलरीला जाड पडदा आहे. त्यांची संध्याकाळ गेली ती गेली. ती कुठल्याही प्रकल्प अहवालात खर्च म्हणून धरलेली नाही. त्याच काकू दर गुरुवारी मेट्रोने मंडईत बहिणीकडे जातात, हेही खरं. "पूर्वी रिक्षा करून द्यायला मुलाची वाट बघत बसायचे," असं त्या सांगतात. दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या आहेत.

आम्ही चुकलो ते वेगळ्या ठिकाणी. 'भुयारच हवं' या एका मागणीत आमची सगळी ताकद गेली. फुटपाथ, आवाजाचे पडदे, जिन्यांची जागा, खाली चालणाऱ्यांची सोय यातलं काहीही आम्ही वेळेवर मागितलं नाही. आज आपल्या कोपऱ्यावर चालताना खांदा आत घ्यावा लागतो तेव्हा मला तो फळा आठवतो. मोठी लढाई हरलो याचं मला दुःख नाही, पण छोट्या गोष्टी मागायलाही आम्ही गेलो नाही.

आता हा इतिहास पुन्हा सुरू होतो आहे. २५ जून २०२५ रोजी केंद्राने वनाज ते चांदणी चौक आणि रामवाडी ते वाघोली या विस्तारांना मंजुरी दिली. दोन्ही उन्नत. तिकडे स्वारगेट ते कात्रज मार्ग भुयारी मंजूर झाला आहे. म्हणजे आपल्यापुढच्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये आता त्याच प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या जातील. त्यांच्यातल्या कुणाच्या हाती ही स्मरणिका पडली तर एवढंच सांगेन : सभेत एकटा पडलेला माणूस काय म्हणतो ते पूर्ण लिहून घ्या. तो बरोबर असेल किंवा नसेल. पण 'वेगळे मत मांडले' या तीन शब्दांतून पुढच्यांना काही कळत नाही.

येत्या वार्षिक सभेत मी एक विनंती अर्ज देणार आहे. जुलै २०१० च्या इतिवृत्ताला पुरवणी जोडावी, आणि त्यात वरचे पाच मुद्दे काकांच्या नावाने नोंदवावेत. काकूंची परवानगी मी घेतली आहे. त्या म्हणाल्या, "लिहा. आणि तो फळा अजून आमच्या माळ्यावर आहे, हवा असेल तर घेऊन जा."

फळा मी आणला आहे. प्रदर्शनात ठेवला आहे. जाता-येता बघा.